एक भोक सापडलं म्हणून

आधीच सांगते, माझ्या ऱ्हस्व-दीर्घावर जाऊ नये. मी चौथीपर्यंत शिकले, आणि चौथीचंही अर्धं वर्ष सुकट वाळवण्यात गेलं. अक्षर तर असं, की ओल्या वाळूवरून खेकडा चालत गेला असावा. हे कोणाला सांगते आहे तेही मला नीट ठाऊक नाही, कारण ही वही मी कोणाला दाखवणार नाही. नातीची मागच्या वर्षीची वही आहे, शेवटची पानं कोरी राहिली होती. दुपारी सून झोपली की मी ती तांदळाच्या डब्यामागून काढते आणि दोन-चार ओळी लिहिते. बोलायला मला कधी जमलं नाही. लिहिताना समोर कोणी बघत नसतं, म्हणून जमतं.

आमचं घर मुरुडच्या अलीकडे, खाडीच्या तोंडाशी, धक्क्यापासून हाकेच्या अंतरावर. बाबा मोठ्या होडीवर खलाशी होते, चार-चार दिवस घरी नसत. आई पहाटेच्या एसटीनं टोपली घेऊन बाजाराला जायची आणि तिसऱ्या प्रहरी यायची, अंगाला बर्फाचा आणि मासळीचा गार वास घेऊन. घरात दिवसभर मी आणि आत्या. आत्या बाबांची थोरली बहीण. नवरा गेल्यावर माहेरी आली ती इथलीच झाली. तिचा एक खुबा धरलेला होता, त्यामुळे बाजार तिला झेपत नसे. ती बसून जाळी बघायची. गणानाखव्याच्या दोन होड्या होत्या, त्यांची सगळी जाळी आत्याच्या हाताखालून जात. सकाळी भाकऱ्या थापून झाल्या, जवळ्याची चटणी किंवा बोंबलाचं आंबट चुलीवरून उतरलं, की आम्ही दोघी धक्क्याच्या बाजूच्या माडांखाली जाऊन बसायचो. खाडीत येणाऱ्या होडीच्या मशिनचा आवाज लांबून कळायचा. आत्या मान वर न करता सांगायची, ही नाखव्याची धाकटी, ही पलीकडच्यांची. तिचं कधी चुकलं नाही.

आईनं मला बाजाराला न्यायचा प्रयत्न दोनदा केला. मी टोपलीमागे बसले, गिऱ्हाईक आलं, "सुरमई कशी दिली?" म्हणालं, आणि माझ्या तोंडातून शब्द निघेना. शेजारची बाई हसून म्हणाली, "हिच्या तोंडात मासा अडकलाय का गो?" तेव्हापासून पुढे कित्येक वर्षं मला धक्क्यावर तेच ऐकावं लागलं. सुमीच्या तोंडात मासा हाय. आईनं मग नाद सोडला आणि आत्याच्या हवाली केलं.

जाळं बघायची आत्याची एक रीत होती, ती इथे लिहिली पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. धुऊन वाळवलेलं जाळं मांडीवर घ्यायचं आणि एका टोकापासून हातातून सोडत जायचं. डोळ्यांनी नाही, बोटांनी. भोक लागलं की तिथे लाल चिंधी बांधायची आणि पुढे जायचं. कितीही मोठं भोक असो, तिथे बसायचं नाही. अख्खं जाळं हातातून गेलं की मगच सुई उचलायची. मी नवीन असताना एकदा हातभर फाटलेली जागा सापडली. मी तिथेच बसले, दुपारपर्यंत ती सुरेख भरून काढली, आणि खुशीत उरलेलं जाळं नुसतं गुंडाळून ठेवलं. ते जाळं समुद्रात गेलं आणि नाखवा परत आला तो शिव्या देतच. पुढे दोन हातांवर अजून एक भोक होतं, मुठीएवढं. आत्यानं मला मारलं नाही. एवढंच म्हणाली, "मोठा भोक सगल्यांनाच दिसतो गो. मासा जातो तो न दिसलेल्यातून."

त्याच सुमारास आमच्याकडे उपकेंद्रात एक सिस्टर आल्या. घाटावरच्या होत्या, उंच, आवाज खणखणीत. त्यांनी घराघरात सांगितलं, की शाळेत तीन दिवस प्रथमोपचार शिकवणार, प्रत्येक घरातून एक बाई आलीच पाहिजे. आमच्या घरातून रिकामी मीच. शाळेत पंधरा-वीस बायका जमल्या आणि सिस्टरनी विचारलं, जखमी म्हणून कोण आडवं पडणार? सगळ्या पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. मी कोपऱ्यात होते, नाही म्हणायला तोंड उघडावं लागलं असतं, म्हणून मीच सापडले. तीन दिवस मी सतरंजीवर जखमी होऊन पडून होते. सिस्टर माझ्यावर हात ठेवून दाखवायच्या. आधी श्वास चालू आहे का. मग कुठे भळाभळा रक्त जातंय का, ते आधी थांबवायचं. ते झालं की डोक्यापासून सुरुवात. केसांतून बोटं, कानामागे, मानेवर हलकेच, खांद्याची हाडं दोन्ही बाजूंनी सारखी लागतात का, बरगड्या, पोट मऊ आहे की कडक, कंबर, मांड्या, पायाची बोटं हलतात का. आणि शेवटी पाठीखाली, जिथे कोणी बघत नाही तिथे. "पडलेल्या माणसाला उठवून बसवायचं नाही," त्या म्हणायच्या, "आणि एक जखम सापडली म्हणजे काम संपलं असं समजायचं नाही." मी पडल्या पडल्या मनात म्हटलं, ही तर आत्याचीच रीत.

पण सिस्टर अजून एक सांगायच्या. हात फिरवताना बोलत राहायचं. इथे दुखतं का? इथे? काय झालं, कसं पडलात? "हात अर्धंच सांगतो. उरलेलं पेशंट सांगतो, पण विचारलं तर." शेवटच्या दिवशी त्यांनी मला उठवलं आणि दुसऱ्या बाईला आडवं केलं. माझे हात बरोबर फिरले. कुठेही चुकले नाहीत, कारण तीन दिवस ते सगळं माझ्याच अंगावरून गेलं होतं. पण "कुठे दुखतं?" एवढं विचारायचं होतं आणि ते निघेना. बायका हसल्या. आडवी पडलेली बाईच म्हणाली, "माजा गुडगा दुखतो गो, तू नको इचारू." सिस्टर हसल्या नाहीत. म्हणाल्या, "सुमन, हात चांगला आहे तुझा. आवाज कधी काढणार?"

तो दिवस मी पुष्कळदा आठवते. सकाळची ओहोटी होती, खाडीत पाणी खाली गेलेलं. गणानाखव्याची होडी धक्क्याला लागली होती आणि मासळी उतरवायचं काम चाललं होतं. ओहोटीला होडी खाली जाते, म्हणून होडीतून धक्क्यावर एक फळी तिरपी टाकतात आणि खलाशी टोपली खांद्यावर घेऊन तिच्यावरून चढतात. हिराकाकीचा नारायण टोपली घेऊन चढत होता. हिराकाकी आमच्या दोन घरं पलीकडची, तिचा हा एकुलता एक, बाविशीचा असेल. फळी ओली, पाय सरकला. तो टोपलीसकट होडी आणि धक्का यांच्या मधल्या फटीत गेला. खाली दगड, दगडांना चिकटलेली कालवं, आणि कालवाच्या शिंपल्याची धार म्हणजे पातं.

नाखव्याच्या माणसांनी त्याला दोन्ही हात धरून ओढून वर काढलं. सिस्टर त्या दिवशी तालुक्याला गेल्या होत्या, असत्या तर ओरडल्या असत्या, पण त्या वेळी कोण थांबतंय. त्याला आणून आमच्या जाळ्याच्या ढिगावर निजवलं, कारण तेवढीच एक मऊ जागा होती. आदल्या दिवशी धुऊन वाळवलेलं जाळं ते. उजव्या हाताचा तळवा अंगठ्यापासून मनगटापर्यंत उभा फाटला होता आणि रक्त टपटप गळत होतं. कोणीतरी म्हणालं, "सुमीनं शिकलंय ना शालेत, तिला सांगा." मी गेले. आत्याचा धुतलेला पंचा घेतला, जखमेवर घडी ठेवली, दाबून धरली, हात वर उचलून धरला आणि आवळून बांधलं. रक्त थांबलं. नाखवा म्हणाला, "वा गो! डॉक्टरीणच झाली ही!" बायकांनीही मान हलवली. आणि मी, जिला जन्मात कोणी वा म्हटलं नव्हतं, ती मागे सरून माडाला टेकून उभी राहिले.

इथे मी थांबले. हे लिहायला बरं वाटत नाही, पण थांबले. समोर एक भोक होतं, ते मी सुरेख भरलं होतं. त्याच्या केसांना, मानेला, पाठीला हातसुद्धा लावला नव्हता. खरं कारण सांगायचं तर कौतुक हे अर्धं कारण. दुसरं अर्धं असं, की तो तरणा पोरगा, सगळा धक्का बघत होता, आणि हाताच्या पंजापलीकडे त्याला हात लावायची माझी छाती नव्हती.

माणसं पुन्हा कामाला लागली, मासळी उन्हात पडली होती. हिराकाकी धावत आली, हात बांधलेला बघून तिचा जीव भांड्यात पडला. नारायण हसून म्हणाला, "काय न्हाय गो आये, कालव लागला." त्यानं पाणी मागितलं. काकीनं दिलं. थोड्या वेळानं परत मागितलं. मग त्याला जांभई आली, आणि लगेच दुसरी. नाखवा होडीतून ओरडला, "झोप तिथंच, आज पगारी सुट्टी!" सगळे हसले. नारायणही हसला, पण त्याचे ओठ बोंबलासारखे पांढुरके दिसत होते.

तेवढ्यात आत्या कुरकुरली. ती ढिगाच्या दुसऱ्या टोकाशी बसली होती. "काल धुतलेला जाला," ती म्हणाली, "सगला माशाच्या रक्तानं भरवलान. परत धुवायला कोण, याची आयशी येनार?" मी बघितलं. त्याच्या खालचं जाळं काळपट ओलं झालं होतं. कोणालाही त्यात काही वाटलं नाही, मलाही नाही. आमच्याकडे मासळी उतरवणाऱ्या माणसाचे कपडे कोरडे कधी असतात? पाणी, बर्फ, माशांचं रक्त, सगळं अंगावरून वाहत असतं. खलाशाच्या चड्डीला रक्त लागलंय म्हणून कोणी आजवर विचारलं नव्हतं. मी जाळं ओढून काढावं म्हणून त्याच्या मांडीखाली हात घातला.

ते कोमट होतं.

माशाचं रक्त गार असतं. बर्फातून आलेलं, बोटं बधिर करणारं. लहानपणापासून हात त्यातच बुडालेला, म्हणून हातानंच आधी ओळखलं. आणि मग एकदम सगळं कळलं, तहान, जांभया, ओठ. मी त्याच्या कपाळाला हात लावला तर घाम, आणि तो मात्र गार.

मी म्हणाले, "थांबा." कोणी ऐकलं नाही. मला स्वतःलाही ऐकू आलं नसेल. मग मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही, पण आत्या नंतर सांगायची, की होडीतल्या माणसांच्या हातातल्या टोपल्या तशाच राहिल्या. मी म्हटलं, याला फिरवायचा आहे, पण मान एकीकडे नि पाय एकीकडे असा नाही. डोलकाठी उचलता ना, सगळे एकदम, तसा. हे त्यांना लगेच कळलं. चौघे आले. एकानं डोकं धरलं, बाकीच्यांनी खांदा, कंबर, पाय, आणि नाखव्यानं डोलकाठीला देतात तसा आवाज दिला. नारायण एका दमात कुशीवर वळला. मागे, मांडीच्या वरच्या अंगाला, चड्डी फाटलेली होती. धक्क्याच्या जुन्या कामातल्या सळया खाली दगडांत उभ्या आहेत, त्यातली एक आत गेली होती. ओल्या काळ्या चड्डीत ते दिसत नव्हतं, आणि जाळं शांतपणे रक्त पीत होतं.

मी जाळं कापायची सुरी घेतली आणि चड्डीला लावली. हिराकाकीनं माझं मनगट धरलं. "काय करतेस गो? सगल्या गावासमोर? तरना पोर हाय तो!"

माझा हात तिथेच थांबला. तिच्या जागी दुसरी कोणी असती तरी तेच म्हणाली असती, मीही म्हणाले असते.

आत्या बसल्या जागेवरून म्हणाली, "हिरा, सोड तिचा हात. पोरगी जाला बघते हाय."

मी कापलं. दोन बोटं जातील एवढी जखम, आणि रक्त उसळत नव्हतं, नुसतं भरून वाहत होतं. आत्यानं डोक्याचा रुमाल सोडून दिला, मी त्याची घडी आत दाबून बसवली आणि आत्याला म्हटलं, "दाब. उघडून बघायचं न्हाय." आत्याच्या हातात आयुष्यभर गाठी ओढल्याची ताकद होती. तिनं दोन्ही तळवे ठेवले आणि अंगाचा भार टाकला.

दुसरं भोक सापडलं होतं. पण दुसरं सापडलं म्हणूनही थांबायचं नव्हतं, हे मला आता कोणी सांगायला नको होतं. मी डोक्याशी गेले. केसांतून बोटं फिरवली, कानामागे. "नारायण, इथे दुखतं का?" न्हाय. "मान?" न्हाय. "तुझं नाव सांग. कुठल्या होडीवरनं पडलास?" त्यानं सांगितलं, थोडं उशिरा पण बरोबर. खांद्याशी आल्यावर तो विव्हळला. गळ्याजवळचं हाड एका बाजूला उंच लागलं, मोडलं होतं. पडताना की हात धरून ओढताना, देव जाणे. त्या बाजूचा हात मी पदराची पट्टी फाडून त्याच्या छातीशी बांधला. बरगड्या बऱ्या. पोट मऊ. "पायाची बोटं हलव." हलली. पाणी आता देऊ नका, असं मी काकीला सांगितलं, नुसते ओठ ओले कर, आणि अंगावर गोधडी घाल. ती रडत रडत धावली. माझ्या सांगण्यावर कोणी धावलं, असं पहिल्यांदाच झालं.

आता फोन केला की गाडी येते. तेव्हा धक्क्यावर बर्फाचा टेंपो उभा होता, तेवढंच वाहन. टेंपोवाला बाहेरगावचा, तो म्हणाला, बर्फ विरघळला तर शेठ माझ्याकडून कापेल, तालुक्याला जायचं तर बर्फाचे आणि भाड्याचे पैसे आधी ठेवा. नाखव्याचे पैसे मासळी विकल्यावर येणार होते. हिराकाकीकडे काय असणार. आत्यानं एका हातानं जखम दाबून धरली, दुसऱ्या हातानं कनवटीची गाठ सोडली आणि मला म्हणाली, दे त्याला. नायलॉनच्या दोऱ्यासाठी साठवलेले पैसे होते ते, सगळ्या मोसमाचे.

टेंपोत मी आणि हिराकाकी. बर्फाच्या लाद्यांमध्ये नारायण कुशीवर, आणि त्याच्या मांडीवर आत्याच्या जागी माझे हात. वाटेत रुमाल भिजून आला तर काढला नाही, वर दुसरं फडकं ठेवून दाबत राहिले. सिस्टरनी तसंच सांगितलं होतं. आणि सांगितलं होतं तसंच बोलत राहिले. नारायण, झोपू नको. आता चढ आला. आता शाळा आली. आता पूल. मी एका दिवसात तेवढी कधीच बोलले नव्हते, आणि खरं सांगायचं तर पुढेही कधी बोलले नाही. दवाखान्यात डॉक्टरांनी हात लावायच्या आधी विचारलं, कुठे कुठे लागलंय? मी सांगितलं. तळवा, मांडी मागून, गळ्याजवळचं हाड. डोकं, मान, पोट ठीक वाटतं. त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि आत नेलं.

तो वाचला. अजून थोडा वेळ गेला असता तर, असं डॉक्टर काकीला म्हणाले, आणि काकी ते गावभर सांगत सुटली. मला ते ऐकवत नसे. तो थोडा वेळ मी माडाला टेकून उभी होते, हे तिला ठाऊक नव्हतं. आत्याला ठाऊक होतं. एकदा जाळं बघताना मी तिला तसं म्हटलं, तेव्हा ती म्हणाली, "चिंधी बांध आनि फुडं जा."

त्या मोसमात नवा दोरा आला नाही. आम्ही फाटक्या जाळ्यांतला जुना दोरा उसवून, गाठी सोडून, त्यानंच काम चालवलं. बोटांना चरे पडले. हिराकाकी सुरुवातीला परतफेड म्हणून मासळी घेऊन यायची, आत्या ती परत पाठवायची. "मासली पोटात जाते नि हिशोब डोक्यात राहतो," म्हणायची, "पैसे दिलेत, पैसेच घेईन, तुला जमेल तसे." मग काकी जमेल तसे आणत गेली, कधी सुकट विकून, कधी नारळ विकून.

शेवटचे पैसे नारायण स्वतः घेऊन आला. आम्ही माडांखाली बसलो होतो. धक्क्यावरून चालत आला, काठी नाही, पण डावा पाय किंचित ओढत. मी त्याला डोक्यापासून पायापर्यंत बघितलं. आत्या काही विचारील म्हणून वाट बघितली, ती जाळं हातातून सोडत राहिली. मग मीच विचारलं, "अजून कुठे दुखतं का?"

"गार वाऱ्याला पाय ओढतो," तो म्हणाला. "दुसरा कुठं न्हाय."

"खांदा?"

त्यानं हात वर करून दाखवला. मग खिशातून नोटा काढून आत्याच्या हातात दिल्या. आत्यानं त्या एकेक करून बोटांतून सोडल्या, पहिलीपासून शेवटचीपर्यंत, आणि म्हणाली, "फिटला सगला." कनवटीला न लावता तिनं त्या तशाच माझ्या हातात दिल्या, आणि दोरा आणायला मला बाजारात पाठवलं. दुकानात मी भाव विचारला.